चार पाकळ्यांचा द्रोण: कॉलेजच्या लॅबमध्ये रिसॉर्सिनारीन कसं बनवायचं

खानापूरच्या बाजूला पळसाच्या पानांचे द्रोण लावायला बसलेल्या बायका पाहिल्यात का? पान दुमडायचं, कोपरा धरायचा, काडी टोचायची. काडी टोचेपर्यंत तो द्रोण नुसता बोटांनी धरलेला असतो. हात सोडला की पान सरळ होतं. आज ज्या रेणूबद्दल लिहितोय त्याचीही रीत अशीच आहे, फक्त चिमटीत धरायला बोटं नाहीत.

हे वाटीच्या आकाराचे रेणू पोकळीत दुसरा लहान रेणू बसवून घेतात. पुस्तकात याला यजमान-पाहुणा रसायनशास्त्र म्हणतात. आमच्या वर्गात निम्मी पोरं मराठी, निम्मी कन्नड, त्यामुळे मी फळ्यावर 'वाटी' लिहितो आणि तोंडाने 'बट्टलु' म्हणतो. दोन्हीकडे काम भागतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, सुप्रामॉलिक्युलर काहीतरी करायचंय, पण आपल्याकडे होईल काय ओ?" होतं. नायट्रोजनची लाइन आणि ग्लोव्ह बॉक्स (हवा लागू न देता काम करायची साधनं) नसला तरी होतं. पण दोन-तीन ठिकाणी नेमकी चूक होते आणि ती पद्धतीत लिहिलेली नसते, म्हणून हा लेख.

कोणती वाटी निवडायची

वाट्या बऱ्याच आहेत. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे कॅलिक्सारीन. पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून ती बनते. ग्रीक भांड्यावरून हे नाव दिलं अमेरिकेतल्या सी. डेव्हिड गुट्शे यांनी. त्यांची पद्धत भरवशाची आहे, पण दुसऱ्या टप्प्यात डायफिनिल इथरमध्ये रिफ्लक्स (वर कंडेन्सर लावून, वाफ परत चंबूत येईल असं उकळणं) करावा लागतो आणि तो द्रव उकळतो २५९ अंशांना. वर नायट्रोजनचा प्रवाह हवा. शिवाय बेसचं प्रमाण जरा हललं की चारऐवजी सहा किंवा आठ कड्यांची माळ तयार होते. पहिल्याच प्रयोगाला हे नको.

त्यापेक्षा रिसॉर्सिनारीन घ्या. १८७२ साली अडॉल्फ फॉन बायर यांनी रिसॉर्सिनॉल आणि बेंझाल्डिहाइड आम्लात एकत्र केलं तेव्हा त्यांच्या हाती स्फटिक आले. ते नेमके काय आहेत हे मात्र त्यांना उलगडलं नाही. १९४० मध्ये नीडर्ल आणि फोगेल यांनी रेणुभारावरून चार रिसॉर्सिनॉल आणि चार अल्डिहाइड असा हिशेब मांडला. १९६८ मध्ये एर्टमन आणि सहकाऱ्यांनी एक्स-रे काढून कडं खरोखर चार पाकळ्यांचं आहे हे दाखवलं. म्हणजे मिश्रण जमायला एक दुपार लागली आणि आत काय आहे ते कळायला जवळजवळ शंभर वर्षं.

याला लागतं काय? रिसॉर्सिनॉल, एक अल्डिहाइड, अल्कोहोल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. फिनॉलला एकच ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो. रिसॉर्सिनॉलला दोन, तेही एकाआड एक जागी. त्यामुळे त्याच्या सहा कार्बनच्या कड्यावरच्या ठरावीक दोन जागा इतक्या तापलेल्या असतात की साध्या आम्लात अल्डिहाइड तिथे जाऊन चिकटतं. दोन्ही जागांनी शेजारी जोडत गेलं की चौथ्या कड्याशी माळ बंद होते.

अल्डिहाइड: एरंडेलाचं लेकरू

माझी पसंती हेप्टॅनालला. सात कार्बनचं हे अल्डिहाइड एरंडेल तेल जोरात तापवून मिळतं आणि एरंडाच्या बाबतीत आपला देश जगात पहिला, त्यामुळे ते महाग पडत नाही. दुसरं कारण रसायनाचं आहे. सहा कार्बनची शेपटी वाटीच्या बुडाला लोंबकळते आणि पदार्थ सेंद्रिय द्रावकात नीट विरघळतो. अॅसिटाल्डिहाइड वापरलं तर शेपटी आखूड राहते, वाटी हट्टी होते आणि पुढच्या टप्प्यात विरघळता विरघळत नाही. शिवाय अॅसिटाल्डिहाइड २१ अंशांच्या आसपास उकळतं. एप्रिलमध्ये आमच्या लॅबचं तापमान ३५ च्या वर जातं. बाटलीचं बूच उघडताच निम्मं उडालेलं असतं.

एक स्पष्ट मनाई: फॉर्माल्डिहाइड या प्रयोगात वापरू नका. रिसॉर्सिनॉलबरोबर ते इतकं चपळ आहे की सगळ्या जागा पकडतं आणि हाती वाटी न येता चिकट रेझिन येतं. त्याहून मोठं कारण म्हणजे फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ एकत्र आली की बिस-क्लोरोमिथिल इथर तयार होऊ शकतं, आणि ते माणसाला कर्करोग करणारं आहे. हे दोन्ही एका हुडमध्ये (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) शेजारी उघडेसुद्धा ठेवायचे नाहीत.

हेप्टॅनालचा वास मात्र सहन करावा लागतो. एकदा थोडं बाहीवर सांडलं आणि मी तसाच खानापूरच्या बसमध्ये चढलो. शेजारच्या मावशी दोन मिनिटं नाक उडवत बसल्या, मग म्हणाल्या, "काय ओ सर, खवट तेलाचा डबा सांडलाय काय अंगावर?" अगदी बरोबर ओळखलं. हातमोजे, अॅप्रन, चष्मा आणि चालू हुड, हे चारही ठेवायचेच.

तयारी: इथेच अर्धं यश

हेप्टॅनालची बाटली जुनी असेल तर हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं काही हेप्टॅनॉइक आम्ल झालेलं असतं. ते अभिक्रियेत भाग घेत नाही, पण वजनात मोजलं जातं. मग रिसॉर्सिनॉल जास्त आणि अल्डिहाइड कमी असं होतं आणि माळ बंद व्हायच्या ऐवजी तुटकी राहते. म्हणून कमी दाबावर एकदा डिस्टिल करून घ्या आणि त्याच दिवशी वापरा. व्हॅक्यूम पंप नसेल तर निदान नवी, सीलबंद बाटली आणा.

रिसॉर्सिनॉल पांढरं असावं. फिकट गुलाबी चालतं, हवा आणि उजेड लागला की ते तसं होतंच. विटकरी झालं असेल तर टोल्युइनमधून पुन्हा स्फटिक काढा. पावसाळ्यात आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. तेव्हा रिसॉर्सिनॉलची बाटली डेसिकेटरबाहेर (ओल शोषणाऱ्या बंद भांड्याबाहेर) ठेवायचीच नाही.

कंडेन्सरचं पाणी हा आमच्या बेळगावचा खास प्रश्न. राकसकोप जलाशयाचं पाणी नळाला रोज येईल याचा भरवसा उन्हाळ्यात नसतो आणि आपला रिफ्लक्स चालणार सोळा तास. मी पंधरा वर्षांपूर्वीच नळाचा नाद सोडला. बादलीत कूलरचा छोटा पंप, दोन रबरी नळ्या, मध्ये मध्ये बर्फाचं एक पाकीट. बादलीभर पाण्यात रात्र निघते. नळी कंडेन्सरला तारेने घट्ट बांधा. रात्री नळी निसटून लॅबमध्ये तळं झालेलं मी एकदा पाहिलंय.

पहिला टप्पा: माळ बंद करणे

२५० मिलीचा, गोल बुडाचा, तीन तोंडांचा चंबू. त्यात ११.० ग्रॅम रिसॉर्सिनॉल, म्हणजे ०.१ मोल. त्यावर ५० मिली ९५ टक्के इथेनॉल. चुंबकी कांडी टाकून ढवळा, पाच मिनिटांत सगळं विरघळतं. चंबू बर्फात बसवा आणि आतलं तापमान ५ अंशांखाली आलं की १६ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घाला.

आता ड्रॉपिंग फनेलमध्ये ११.४ ग्रॅम हेप्टॅनाल घ्या, साधारण १४ मिली भरतं. तेही बरोबर ०.१ मोल. थेंब थेंब, पाऊण ते एक तास घेऊन.

इथे घाई करू नका. माझ्या पहिल्या वेळी फनेलचा कॉक जरा जास्त फिरला आणि मी म्हटलं, जाऊ दे, मिश्रण होईलच की. दहा मिनिटांत चंबूत लालसर, ताणला तर तार धरणारा गोळा. गुऱ्हाळात काहीली उतरवायला उशीर झाला की काकवीचं जे होतं, तसं. कांडी त्यात अडकून बसली. त्या दिवशी चंबूही गेला आणि कांडीही.

थेंब संपले की बर्फ काढा, खोलीच्या तापमानाला तासभर ढवळा. मग ऑइल बाथमध्ये गरम करून रिफ्लक्सला आणा. पुस्तकात इथेनॉल ७८ अंशांना उकळतं असं लिहिलेलं असतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे, हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे इथे शुद्ध इथेनॉल ७६ अंशांजवळच उकळू लागतं. थर्मामीटर बिघडला म्हणून बदलायला जाऊ नका. बाथ ९० च्या आत ठेवा.

किती वेळ? किमान १२ तास, मी १६ ठेवतो. आता हे का, ते नीट समजून घ्या, कारण माझ्या मते सगळ्या प्रयोगाचा जीव इथे आहे.

पोरांना वाटतं की माळ एकदा जुळली की जुळली. तसं नाही. आम्लात रिसॉर्सिनॉल आणि अल्डिहाइड यांचा जोड होतोही आणि सुटतोही. सुरुवातीला माळ वेडीवाकडी वाढते. लांब, कधी शेंडा नसलेली, कधी कडं बंद झालेलं पण शेपट्या दोन वर आणि दोन खाली. १९९१ मध्ये वाइनेल्ट आणि श्नायडर यांनी या अभिक्रियेचा सावकाश पाठपुरावा केला आणि सुरुवातीला झालेला लांब साखळ्यांचा माल नंतर तुटून चौकड्यांत कसा बदलतो ते दाखवलं. म्हणजे आपण वाटी बांधत नाही. आपण चुकीचे जोड पुन्हा पुन्हा सुटू देतो आणि जो जोड सुटायला सगळ्यात नाखूश, तो उरतो.

तो नाखूश का? चारही शेपट्या एकाच बाजूला आल्या की चारही कडी वाटीसारखी उभी राहतात आणि शेजारशेजारच्या कड्यांचे ओएच एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात. आठ ओएच, चार जागी हातात हात. खानापूरच्या बाईने चिमटीत धरलेला द्रोण तो हाच.

म्हणून मध्येच उघडून बघणं, तीन तासांनी 'साका आलाय की सर' म्हणून गाळणं हे नुकसानीचं आहे. तीन तासांनी साका येतो हे खरं. पण त्यात चुकीच्या जोडीचे रेणूही मुबलक असतात. एका वर्षी रात्री वीज गेली, दोन तास ढवळणं आणि तापवणं थांबलं, सकाळी वीज आल्यावर पुन्हा चालू केलं. काही बिघडलं नाही. थांबलेली अभिक्रिया पुन्हा तापवली की पुढे सरकते. लवकर गाळली तर मात्र तिला पुढे सरकवायला काही उरत नाही. आता रात्रीच्या रिफ्लक्ससाठी इन्व्हर्टरवर निदान पंप आणि स्टरर ठेवतो, हीटर नाही. वीज आली की हीटर आपोआप चालू होणार नाही अशी व्यवस्था करा, माणूस आल्यावरच लावायचा.

गाळणे, धुणे आणि शंभराच्या वरचा उतारा

सकाळी चंबूत फिकट पिवळा, कधी नारिंगी छटेचा रवा दिसतो. गार होऊ द्या. सगळं २५० मिली थंड पाण्यात ओता, अर्धा तास ढवळा आणि बुकनर फनेलमधून गाळा. आता धुवायचं, आणि भरपूर धुवायचं. कोमट पाण्याने, लिटमस निळा राहीपर्यंत.

आम्ल गेलं का ते लिटमस सांगतो. उरलेलं रिसॉर्सिनॉल गेलं का ते फेरिक क्लोराइड सांगतं. धुतलेल्या पाण्याचे पाच थेंब टाइलवर घ्या, फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब टाका. जांभळट आलं तर अजून रिसॉर्सिनॉल येतंय. वाटी स्वतः पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्यात ही खूण नाहीशी झाली की तुमचं धुणं पुरं झालं. साधी युक्ती, पण परीक्षकाला फार आवडते.

त्यानंतर गरम मिथेनॉलमध्ये विरघळवा, गाळून कचरा काढा, आणि गरम असतानाच पाणी थेंबाथेंबाने टाकत जा. गढूळ दिसू लागलं की थांबा आणि रात्रभर सोडा.

मग वाळवणं. गेल्या वर्षीच्या बॅचमधली एक पोर वजन करून धावत आली. २०.६ ग्रॅम सैद्धांतिक, तिच्या वॉच ग्लासवर २१.५ ग्रॅम. उतारा, म्हणजे अपेक्षित मालापैकी हाती आलेला, १०४ टक्के! चेहरा असा खुललेला, की तिला सांगायला मन होईना. "वाळवलंय का?" "दोन दिवस हवेवर ठेवलंय सर, एकदम कोरडंय."

कोरडं दिसतं, हे खरं. पण वाटीच्या पोकळीत आणि काठावरच्या ओएचना मिथेनॉल आणि पाणी धरून बसलेलं असतं. हवेवर ते जात नाही. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ७० अंशांना, फॉस्फरस पेंटॉक्साइडवर, एक रात्र ठेवलं तेव्हा तिचं वजन १५.९ ग्रॅमवर आलं. म्हणजे ७७ टक्के, आणि तो चांगला उतारा आहे. ती दिवसभर नाराज होती. मी म्हटलं, अगं, तुझ्या वाटीने पाहुणा धरला हे तू नकळत दाखवलंस, हे प्रोजेक्टच्या रिपोर्टात पहिल्या पानावर लिही.

पुढच्या टप्प्याला ही कोरडी वाटीच हवी. ओली चालत नाही.

ही वाटीच आहे, हे कशावरून

वितळबिंदूवर विसंबू नका. हे पदार्थ खूप वर जाऊन काळे पडतात आणि आकडा दरवेळी वेगळा येतो. टीएलसीवर (पातळ थरावर मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी चाचणी) मुख्य ठिपका एक हवा. पण खरं उत्तर एनएमआर (चुंबकी क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन कसे आहेत ते दाखवणारी तपासणी) देतो. आम्ही नमुने कधी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात पाठवतो, कधी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. दोन्हीकडे उपकरण केंद्र आहे आणि आम्ही मधोमध. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा म्हणायचा. नमुना पाच-सहा मिलिग्रॅम पुरे, डायमिथिल सल्फॉक्साइड-डी६ या द्रावकात.

काय बघायचं? ८.९ पीपीएमजवळ (पीपीएम ही एनएमआरच्या आलेखाची मोजपट्टी) ओएचचं एक शिखर, आठ प्रोटॉनचं, म्हणजे आठ हायड्रोजनचं. सुगंधी, म्हणजे बेंझीनसारख्या कड्यांच्या भागात फक्त दोन शिखरं: ७.१ जवळ एक आणि ६.१ जवळ एक, प्रत्येकी चार प्रोटॉन. ४.२ जवळ शेपटीच्या मुळाशी असलेला, दोन कड्यांमधला सीएच, तोही चार. बाकी वर २.० पासून ०.८ पर्यंत शेपट्या. चार कडी असूनही फक्त दोनच सुगंधी शिखरं दिसतात, कारण चारही पाकळ्या सारख्या आहेत. इथे चार किंवा जास्त शिखरं दिसली की समजा, शेपट्या सगळ्या एका बाजूला नाहीत. आम्ल आणि अल्कोहोल घालून तोच माल परत सोळा तास रिफ्लक्स करा. बऱ्याच वेळा सुधारतो. मास स्पेक्ट्रममध्ये रेणुभार ८२५, सोडियम धरून ८४७ जवळ दिसतो.

दुसरा टप्पा: काड्या टोचणे

हायड्रोजन बंधांनी धरलेली वाटी ध्रुवीय द्रावकात सैल पडते. ती कायम उभी ठेवायची तर शेजारशेजारच्या कड्यांचे ओएच मिथिलीनच्या पुलांनी जोडायचे. चार जागी चार पूल, द्रोणाला काड्या टोचतात तसे. अशा ताठ वाट्यांना कॅव्हिटँड हे नाव डोनाल्ड क्रॅम यांनी दिलं. १९८२ मध्ये त्यांच्या गटाने हे पूल घालून दाखवले आणि १९८७ मध्ये लेन आणि पेडरसन यांच्याबरोबर त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडलेल्या डब्यात त्यांनी सायक्लोब्युटाडाइन हा एरवी क्षणभरही न टिकणारा रेणू साध्या तापमानाला सांभाळून ठेवला, तो १९९१ चा निबंध.

कृती अशी. ८.२५ ग्रॅम कोरडी वाटी, म्हणजे १० मिलीमोल. पोटॅशियम कार्बोनेट २१ ग्रॅम, बारीक कुटून १५० अंशांना चार तास तापवलेलं. पावसाळ्यात तर आदल्या रात्रीपासून. कोरडं डायमिथिल फॉर्मामाइड २०० मिली. इतकं पातळ का? जास्त घट्ट घेतलं तर एका वाटीचा ओएच शेजारच्या वाटीशी पूल बांधतो आणि माळच माळ होते.

ब्रोमोक्लोरोमिथेन सुरुवातीला ४ मिली घाला. ते ६८ अंशांना उकळतं, म्हणून चांगला कंडेन्सर लावून ६० अंशांवर ठेवा, बर्फाच्या पाण्यासह. चोवीस तासांनी आणखी २ मिली, दुसऱ्या दिवशी आणखी २. वाफ विषारी आहे आणि ओझोनला घातक म्हणून माँट्रियल करारात या रसायनावर बंधनं आहेत. ते मिळत नसेल तर डायआयोडोमिथेन चालतं, वेळ वेगळा लागतो. हे काम हुडबाहेर करायचं नाही, यावर वाद नको.

टीएलसीने पाठपुरावा करा. सगळ्यात वर पळणारा ठिपका चार पुलांचा, त्याखाली तीन पुलांचा, ज्याचे दोन ओएच अजून मोकळे आहेत. खालचा ठिपका जाईपर्यंत धीर धरा. झालं की बर्फ आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या मोठ्या बीकरमध्ये हळूहळू ओता. कार्बोनेटमुळे जोरात फेस येतो, दुधासारखा उतू जातो, म्हणून बीकर दोन लिटरचा. साका गाळून, पाण्याने धुऊन, डायक्लोरोमिथेनमध्ये घ्या आणि सिलिकाच्या छोट्या स्तंभातून हेक्झेन-डायक्लोरोमिथेनने काढा. उतारा निम्म्याच्या आसपास आला तरी खूश राहा.

खूण पटवायला ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये एनएमआर काढा. ओएचचं शिखर गायब, आणि पुलावरच्या दोन हायड्रोजनची दोन वेगवेगळी दुहेरी शिखरं: एक ५.७ जवळ, दुसरं ४.४ जवळ. एकाच कार्बनवरचे दोन हायड्रोजन आणि त्यांच्यात इतकं अंतर! एकाचं तोंड बाहेर आहे, दुसऱ्याचं वाटीच्या आत, आणि आतल्यावर चारही कड्यांच्या चुंबकी प्रभावाची सावली पडते. वाटी झाली हे सांगणारी यापेक्षा बोलकी खूण मी पाहिलेली नाही. नवा रेणुभार ८७३.

वेस्टचं काय? आम्लाचं पाणी सोड्याने उदासीन करा. ब्रोमोक्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन असलेलं सगळं वेगळ्या, लेबल लावलेल्या बाटलीत. सिंकमध्ये नाही, आपल्या गटाराचं पाणी शेवटी कुणाच्या तरी शेतातल्या विहिरीत उतरतं.

पाहुणा बसवून दाखवणे

ज्यांना दुसरा टप्पा जमला नाही त्यांनी नाराज होऊ नये. पाहुण्याचा प्रयोग पहिल्याच वाटीवर सुरेख होतो.

बेसिक मिथेनॉलमध्ये रिसॉर्सिनारीनचे चार प्रोटॉन निघतात, काठावर ऋण भार येतो आणि मधोमध पाय ठेवायला जागा होते. धन भाराचा, गोलसर, मिथिल गटांनी वेढलेला अमोनियम त्या जागी जाऊन बसतो. टेट्रामिथिलअमोनियम क्लोराइड स्वस्त आणि आदर्श पाहुणा आहे. मेंदूत संदेश पोचवणारं अॅसिटिलकोलीन त्याच घराण्यातलं. हान्स-योर्ग श्नायडर यांच्या गटाने १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं.

एनएमआरच्या नळीत पाहुण्याचं प्रमाण कायम ठेवा आणि वाटी थोडी थोडी वाढवत जा. मोकळ्या पाहुण्याचं मिथिल शिखर ३.२ जवळ असतं. वाटीचं प्रमाण वाढेल तसं ते वर, कमी पीपीएमकडे सरकतं, कारण कड्यांची सावली आता पाहुण्यावर पडते. दोन वेगळी शिखरं दिसत नाहीत, एकच शिखर सरकतं. पाहुणा इतक्या वेगाने आत-बाहेर करतो की उपकरणाला सरासरीच दिसते. सरकलेलं अंतर आणि वाटीचं प्रमाण यांचा आलेख काढा, तो वळून सपाट होतो, आणि त्यातून बंधाचा स्थिरांक (पाहुणा किती घट्ट बसतो त्याचा आकडा) काढता येतो. मिथेनॉलचं उरलेलं शिखर ३.३ जवळ असतं म्हणून सुरुवातीच्या एक-दोन बिंदूंत दोन्ही अंगावर आल्यासारखी दिसतात, गोंधळू नका. नायट्रोजन नसेल तर नळी उघडी ठेवू नका, बेसमध्ये हे द्रावण हवेने तपकिरी पडतं आणि तासाभरात आकडे भरकटतात. म्हणून धारवाडला नमुना पाठवताना वाटी आणि पाहुणा कोरडे पाठवा, द्रावण तिथे बनवायला सांगा.

आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही, त्यामुळे दरवर्षी एक पोर विचारतोच, "सर, साखर धरेल काय?" पुरती वेडी कल्पना नाही. आओयामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी लांब शेपट्यांच्या अशाच वाटीने पाण्यातली रायबोज साखर कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये ओढून दाखवली. काठावरचे ओएच साखरेच्या ओएचना धरतात. आपली उसाची साखर मात्र दोन कड्यांची, अंगाने मोठी. तिला या वाटीत बसवायला जाऊ नका.

आणि पाहुण्याचा प्रयोग करताना द्रावक विचारपूर्वक निवडा. रिकामी वाटी असं काही नसतं. पाहुणा येण्याआधी तिथे द्रावकाचा रेणू बसलेला असतो आणि पाहुण्याला त्याला उठवावं लागतं. क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये कॅव्हिटँडवर पाहुण्याचा प्रयोग केला आणि काहीच सरकलं नाही, तर पाहुणा नालायक असं ठरवू नका, खुर्ची आधीच भरलेली असेल. पोकळीत मावणार नाही असा मोठा द्रावक घेऊन बघा.

म्हणून आमच्या कपाटातल्या वाटीच्या प्रत्येक बाटलीवर तीन ओळी असतात: तारीख, वजन, आणि शेवटचा द्रावक कोणता. पहिल्या दोन सगळेच लिहितात. तिसरी ओळ नसलेली बाटली मी प्रयोगाला देत नाही.